तासांचा रकाना

मी बरकतपुऱ्यात राहते आणि वीज साठवण्याच्या पद्धतींची तुलना करते. हे सांगितलं की लोक घरच्या इन्व्हर्टरबद्दल सल्ला मागतात.

आमच्या कचेरीत तक्ता तपासून झाला की उजव्या कोपऱ्यात हिरव्या पेनाने छोटी सही करतात. ती दिसली की पुढे कुणी पुन्हा तपासत नाही. असा एक तक्ता मी माझ्या वरिष्ठांकडे दिला. सतरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. माझ्या जवसाच्या चटणीसाठी ते भात न कालवता थांबत. काम मला त्यांनीच शिकवलं. मेगावॉटला भुलू नको, किती तास ते विचार, असं सांगायचे.

तक्त्यात दोन पर्याय होते. बॅटरी लवकर उभी राहते, क्षणात वीज देते, पण दोन तासांत रिकामी होते. दुसरा पर्याय पाण्याचा. दुपारी सौर वीज उरते तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. बांधायला वर्षं जातात, पण चालतं आठ तास. दोन्ही मिळून घ्या, असं माझं म्हणणं होतं.

सिकंदराबादच्या बैठकीत तक्ता पडद्यावर आला. तासांचा रकाना गायब. उरलेल्यांत बॅटरी सरसकट वरचढ. कोपऱ्यात माझी हिरवी सही मात्र शाबूत.

मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. वरिष्ठ कुजबुजले, "इत्ते खाने कौन देखता, अम्मा? ऊपर से बॅटरी पक्की हो गई, पिछले हफ्तेच."

म्हणजे आठवडाभर मी आकडे पडताळत होते आणि हे समोर बसून चटणी खात होते.

अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, सही तुमचीच ना?"

"माझीच. पण मी सही केली तेव्हा सहा रकाने होते. इथे पाच आहेत." सहावा मी तोंडी सांगितला. निर्णय पुढे ढकलला गेला.

जिन्यात वरिष्ठांनी मला गाठलं. "मेरे कू बाहर बुला के बोलना था ना!"

"आप भी मेरे कू हफ्ता पैले बोलना था," मी म्हटलं.

आता सहीशेजारी मी रकान्यांची संख्या लिहिते. नव्या मुलींनाही तेच शिकवते. तास का विचारायचे, तेही शिकवते; कुणाकडून शिकले, ते सांगत नाही.