उजव्या हाताचे गिअर

गेल्या महिन्यात लातूरहून मुलीचा फोन आला.

"आई, इथला शोरूमवाला रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची. ऑटोमॅटिकच घे. तुला एकटीला नांदेड-लातूर करायचं, तर त्या गिअरशी कशाला झोंबतेस?"

"रविवारी सांगते," मी म्हणाले.

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. मी एकसष्ट वर्षांची. गाडी शिकायला लागून जेमतेम चार महिने झालेले. यजमान जाऊन दहा महिने. त्यांची छोटी, गिअरची गाडी अंगणात कापडाखाली उभी होती. ती द्यायची म्हटलं की माझं मन मागे सरायचं. का, ते मुलीला फोनवर सांगता येत नव्हतं.

शेवटची तीन वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यासाठी डाव्या हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेल्या होत्या. त्या जागी कान ठेवला की आतून घरघर ऐकू यायची. लवकरच त्या हाताच्या बोटांतला जोर गेला. एका रविवारी मुलीकडे निघालो असताना लोह्याच्या पुढे त्यांनी क्लच दाबला, गिअरवर हात ठेवला, आणि गिअर काही हलेना. मी शेजारच्या सीटवरून हात पुढे केला आणि दांडा ढकलला. गिअर पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या वेळी क्लच दाबून ते नुसतं "हं" म्हणाले.

मग ती आमची पद्धतच झाली. स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक त्यांचे, गिअर माझे. "हं" म्हणजे वरचा, "खाली" म्हणजे खालचा. असं कुणी करू नये, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून गाडी साठच्या पुढे जात नसे. एकदा टोलनाक्यावरचा माणूस वाकून आत बघत म्हणाला, "काका, दोघंजण मिळून चालवून राहिले का गाडी?"

"हाव," ते म्हणाले. "एकट्याला परवडंना."

हायवेला गाडी पाचव्यात पडली की मला बराच वेळ काम नसे. मग मी डाव्या हातात पुस्तक धरून मोठ्याने वाचायची. उजवा हात गिअरजवळच. गाव आलं, गतिरोधक आला की ते "खाली" म्हणत आणि वाक्य मध्येच तुटे. गाव संपलं की विचारत, "हं, मग? पुढं काय झालं?" अहमदपूरपर्यंत एक प्रकरण, चाकूरपर्यंत दुसरं. त्या तीन वर्षांत आम्ही किती पुस्तकं वाचली, ते मोजलेलं नाही.

ते गेल्यावर मी एका उस्तादांकडे शिकवणी लावली. तीस वर्षं ते नांदेडात गाडी शिकवतात. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "गिअर येतात मला." आणि खरंच येत होते. पण गाडी सुरू झाल्यावर मी दुसरा गिअर टाकायला उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि छातीवरून आडवा पलीकडे नेला. गाडी सरळ पेरूच्या गाड्याकडे निघाली. उस्तादांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला.

"मॅडम, हे कोणत्या शाळेत शिकलात?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. यजमान गेल्यानंतर ही गोष्ट पहिल्यांदाच मी कुणाला सांगत होते. पेरूवाला अजून शिव्या देत होता.

"मग बराबर हाय," उस्ताद म्हणाले. "उजवा हात तुमचा हुशार. डाव्याला आता शिकवू."

डावा हात मंद निघाला. तो तिसऱ्याऐवजी पहिलाच शोधायचा. पण शिकला. पक्कं लायसन्सही मिळालं. मुलीच्या फोननंतर मी उस्तादांना विचारलं, हायवेसाठी कोणती गाडी चांगली?

"हायवेला दोन्ही सारख्याच, मॅडम. पाचव्यात पडली की गिअरची गाडी बी ऑटोमॅटिकच. फरक गर्दीत अन् घाटात. अन् ओव्हरटेकला स्वस्तातली ऑटोमॅटिक जरा थांबून विचार करते. तेवढं समजून चालवली की झालं. तुमच्या गुडघ्याला तीच बरी."

शनिवारी मी मुलीला म्हणाले, "तुझ्या बाबांना ऑटोमॅटिक आवडत नव्हती. त्यात झोप येते म्हणायचे."

"आई, त्यांच्या हाताचा जोर गेला तेव्हा मी त्यांना ऑटोमॅटिक घेऊन देत होते. मलाही आधी झोपेचंच सांगितलं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, अगं, मग तुझी आई वाटभर नुसती माझ्या हाताकडे बघत बसेल. तिला काहीतरी काम असू दे."

मी फोन ठेवला आणि अंगणात गेले. तीन वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना मदत करते आहे.

रविवारी सकाळी मी गाडीवरचं कापड काढलं आणि उस्तादांना सोबत यायची विनंती केली. ते माझ्या जागेवर बसले, दोन्ही हात काखेत घालून.

"ह्या गाडीत माझ्याकडं ब्रेक न्हाई," ते म्हणाले. "अल्लाचं नाव घेऊन बसतो."

लोह्यापर्यंत ठीक गेलं. माळाकोळीच्या चढाला पुढे कापसाने भरलेला ट्रक आला. गाडीचा जोर कमी झाला, इंजिन कण्हायला लागलं. मी वाट बघत राहिले. कुणीतरी "खाली" म्हणेल म्हणून. उस्ताद मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. गाडी थरथरली. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं हा आवाज ऐकण्याचं काम यजमानांचं होतं. मी कधी तो ऐकलाच नव्हता.

"खाली," मी मोठ्याने म्हणाले, क्लच दाबला आणि डाव्या हाताने तिसरा टाकला. गाडी चढली.

लातूरला मुलगी फाटकात उभी होती. उस्ताद पाणी पिऊन परतीच्या बससाठी स्टँडकडे गेले. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे शोरूमवाल्याला 'नाही' सांगायचं ना?"

"'हो' सांग. ऑटोमॅटिकच घेऊ. माझा गुडघा दुखतोय."

"मग एवढ्या लांब हीच गाडी कशाला आणलीस?"

"तुझ्या बाबांचं काम एकदा करून बघायचं होतं."

तिने डोळे पुसले, घराचं दार ओढून घेतलं आणि येऊन गाडीत शेजारी बसली.

"चल," ती म्हणाली. "गाडी द्यायची तर आहेच. आधी मला एक चक्कर मारून आण."

मी गाडी सुरू केली. पहिल्याच झटक्याला ती बंद पडली. मुलगी हसली, आणि मीही. पुन्हा किल्ली फिरवली.