गाळाची भरभराट

देशाच्या जमिनीतून दरसाल किती वाळू, दगड, माती निघते हे मोजणाऱ्या सरकारी कचेरीत मी बनारसला नोकरीला होतो. पावसाळा संपून गंगा उतरली की आमच्या बालाजी घाटाच्या पायऱ्या गाळाखाली गडप झालेल्या असत. मग पंप लावून, गंगेच्याच पाण्याने तो गाळ पुन्हा गंगेत ढकलायचा, ही इथली दरवर्षीची रीत. असा काढलेला गाळ आमच्या साहेबांनी मातीच्या उत्पादनात धरला. परत ढकललेला कुठे धरणार? त्याला रकानाच नव्हता.

एका वर्षी पूर दांडगा आला, गाळही तसाच साचला. उत्पादन वाढलं म्हणून कचेरीत लवंगलता ही इथली मिठाई वाटली. मी गप्प राहिलो, कारण लवंगलता गरम होती.

घरी आई गच्चीवर साडी वाळत घालत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तोच गाळ दरवर्षी नवा?"

"कागदावर तरी."

तिने ओली साडी झटकली. "मग हीच साडी मी रोज धुते. साहेबांना म्हणावं, बनारसच्या विणकरांत मलाही धरा."