नातीनं हुडकलेली पेटी

मंडळी, आज सकाळी मी लई खुशीत होते. आमची नात स्वाती चाकणच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या कामावर हाय. आज तिचा प्रोग्राम पहिल्यांदा चालणार होता.

कंपनीभर नेटच्या वायरी जोडायच्या पेट्या असतात, त्यांना स्विच म्हणतात. दिव्याचं बटण न्हवं बरं! एकेका स्विचला आणखी धाकट्या पेट्या जोडलेल्या. पूर्वी माणसं शिडी लावून त्या हुडकायची. स्वातीचा प्रोग्राम बसल्या जागी सगळ्या आपोआप हुडकतो.

आणि हुडकल्या की! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं मोठ्यानं वाचलं, "ड्रायव्हरांच्या शेडमधे एक पेटी जास्त दिसती. परवानगी न्हाई."

मागं माझा दत्ता उभा होता. तिचा बाप, त्याच कंपनीत वायरमन. म्हणाला, "मी लावली, साहेब. माल उतरेपर्यंत ड्रायव्हर दिवसभर बसून असतात. नेट मिळालं तर फोनवर लेकरांचं तोंड तरी दिसतं."

दुपारी त्याला कामावरनं काढलं, गेटवरच ओळखपत्र काढून घेतलं.

स्वाती घरी येऊन हे सगळं सांगताना रडाय लागली. "पप्पा, मला काय ठावं तुमची हाय म्हणून!"

"येडे, एकबी पेटी सुटली न्हाई तुज्या हातनं. रडती कशाला?" दत्ता म्हणाला, अन् मोरीत जाऊन किती तरी वेळ तोंड धुवत राहिला.

उद्या सकाळी कंपनीची बस दारात येईल. पोरीला चढ म्हणू का नको म्हणू? तुमी काय म्हणला असता?