आईच्या मराठीतला कानडी सिनेमा

आत्ती, म्हणजे आप्पांची बहीण, आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा मी चौथीत होते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला काही महिने ठेवून घेतलं, आणि मग आप्पाच जाऊन तिला येळ्ळूरला परत घेऊन आले. मूलबाळ नव्हतं. आली ती एक ट्रंक घेऊन, आणि पहिलं वर्षभर ती ट्रंक तिनं पूर्ण रिकामी केलीच नाही. लागेल ते लुगडं काढायची, धुऊन पुन्हा आत ठेवायची.

आई तिला बेळगावच्या बाजारात भाजी विकायला बरोबर नेऊ लागली. आईचं माहेर हुक्केरीकडचं, त्यामुळं कानडी तिला मराठीइतकंच सहज यायचं. आत्तीला मात्र त्यातला शब्द कळत नव्हता. गिऱ्हाईक कानडीत बोललं की ती आईच्या तोंडाकडं बघायची.

रविवारी दुपारी टीव्हीवर कानडी सिनेमा लागायचा. आप्पा सीमालढ्याच्या मोर्चाला जाणारे. त्यांना ते फारसं रुचायचं नाही. ते बाहेर कट्ट्यावर बसायचे, पण आतून हसू ऐकू आलं की दारात येऊन उभे राहायचे. आम्हाला सगळ्यात आवडायचे ते श्रीमंत घरांचे विनोदी सिनेमे. गोल जिना, झुंबर, आणि त्या एवढ्या मोठ्या बंगल्यात राहणारी एकापेक्षा एक विक्षिप्त माणसं. आमच्या तीन खोल्यांच्या घरात, पलीकडं म्हैस रवंथ करत असताना, आम्ही ते बंगले डोळे भरून बघायचो.

"एवढ्या मोठ्या घरात एक माणूस शहाणं न्हाय व्हय गं?" आत्तीनं एकदा विचारलं.

"शहाणी असती तर आपल्याला कोण दाखवतंय, आक्का?" आई म्हणाली.

आई शेंगा सोलत सोलत सगळं मराठीत सांगायची. त्यातला एक सिनेमा दोन-तीनदा तरी लागला असेल. त्यातला सावकार झुंबर डोक्यावर पडेल या भीतीनं घरातही छत्री उघडून फिरायचा. थोरला मुलगा कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. आणि सावकाराची एक विधवा बहीण होती, झोपाळ्यावर बसून लाडू खाणारी. आई सांगायची, ती त्या घराची खरी मालकीण. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. मधेच तिचं सामान दाराबाहेर आणून ठेवतात, तेव्हा आई म्हणायची, "काशीला पाठवाय लागल्यात तिला, मानानं." आत्तीला ती बाई फार आवडायची.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी बेळगावात बँकेत नोकरीला आहे, टिळकवाडीत राहते. काऊंटरवर दिवसभर कानडी बोलून माझंही कानडी आईसारखं झालंय. परवा आत्ती डोळ्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडं राहिली होती. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा तिनं काय मागावं, तर तो छत्रीवाला सावकार. मी फोनवर शोधून टीव्हीला लावून दिला.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्यांदाच मला त्यातलं कानडी थेट कळत होतं. त्या घरात कुणालाच ती बहीण नको होती. तिच्या खाण्यावर, तिच्या पांढऱ्या लुगड्यावर, तिच्या झोपण्यावर विनोद होते. सामान दाराबाहेर ठेवलं होतं ते तिला हाकलून देण्यासाठी. भावजय तिच्या तोंडावर तिला 'होरे' म्हणत होती. हा शब्द मला आठवला. आईनं त्याचा अर्थ सांगितला होता, "हिरा म्हणतीय ती. आमच्या घरचा हिरा."

"काय म्हणाली गं?" आत्तीनं विचारलं.

मी आईचंच वाक्य म्हटलं, "हिरा म्हणाली, आत्ती."

आत्ती गालातल्या गालात हसली. "होरे म्हंजे ओझं, भारा. मेथीचा, गवताचा. बाजारात रोज डोक्यावर घेत हुते की मी."

कधीपासून कळत होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, बाजारात बसायला लागल्यावर वर्ष-दीड वर्षात सगळं कळायला लागलं होतं. दुसऱ्यांदा हा सिनेमा लागला तेव्हाच आई काय करते आहे ते तिच्या ध्यानात आलं होतं.

"मग आईला बोलली का न्हाईस?"

सावकार छत्री सावरत जिना उतरत होता, ती तिकडं बघतच बोलली.

"मी भावाच्या दारात आलते. तुझी आई एका शब्दानं मला काय म्हणाली असती तरी मला ऐकून घ्याय लागलं असतं. आनि ती तर टीव्हीतल्या बाईला कोण बोललेलं बी माझ्या कानावर पडू देत नव्हती. तिला काय सांगायचं?"

मी टीव्ही बंद करू का विचारलं. ती म्हणाली, कशाला, पुढं कुत्र्याचं लग्न आहे, ते लई झ्याक आहे. मग आम्ही दोघी शेवटपर्यंत बघत बसलो. मी मधे काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. हसायच्या ठिकाणी ती माझ्या आधी हसत होती आणि डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हटलंय, याची आठवण मलाच तिला करून द्यावी लागत होती.