निवडीआधीचा फ्लेक्स

आमच्या घराण्यात ज्याची निवड होते त्याचा फ्लेक्स लागतो, आणि ज्याची होत नाही त्याचाही लागतो. माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, आजवर कुठल्याही पदावर निवड झालेली नाही. पण वाघोलीत त्याचे इतके फ्लेक्स लागून गेलेत की नव्या सोसायट्यांमधले लोक त्याला आमदार समजून तुंबलेल्या गटाराची तक्रार सांगतात. (तो ऐकूनही घेतो.) तेव्हा माझ्या मुलीच्या बाबतीत जे झालं त्यात नवल काही नाही. फक्त त्यात दादापेक्षा माझा हात मोठा होता, हे मी घराबाहेर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मुलगी म्हणजे सई. वय चौदा, वजन अठ्ठेचाळीस किलो, त्यातला बराचसा हट्ट. ती रग्बी खेळते. हा खेळ तिनं मला स्वयंपाकघरात, हातात नारळ घेऊन समजावला. बॉल लांबट असतो, तो घेऊन पुढे पळायचं, पण पास मात्र मागेच द्यायचा, आणि ज्याच्याकडे बॉल असेल त्याला आडवं करायचं.

"आणि ज्याच्याकडे बॉल नसेल त्याला?"

"त्याला हात नाही लावायचा, बाबा. फाऊल असतो तो."

आमच्या भावकीपेक्षा हा खेळ मला पुष्कळच सभ्य वाटला.

तिला या नादाला लावलं शाळेतल्या पी.टी.च्या कदम सरांनी. सरांची खेळाडू हेरायची पद्धत अगदी सोपी. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ उभं राहायचं, आणि जी मुलगी गर्दीतून कुणाला न पाडता सगळ्यात आधी नळापर्यंत पोचेल, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मैदानावर बोलवायचं. वर्षभर अशी तालीम झाली की त्यातल्या चांगल्या मुली विभागीय अकादमीच्या निवड चाचणीला पाठवायच्या. पुण्यातल्या शाळाशाळांतून छत्तीस मुली येतात, अठरा घेतात. त्या अठरांना दर शनिवार-रविवार नीट शिकवतात, आणि राज्याच्या संघाचा रस्ता तिथूनच जातो.

गेल्या वर्षी यादीत सईचं नाव नव्हतं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं गजर साडेपाचऐवजी पाचचा लावला, एवढंच. या वर्षी तिची निवड व्हावी म्हणून मी काहीही करायला तयार होतो, आणि माझं नेमकं तिथंच चुकलं.

कारण पालकसभेत कदम सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. "निवड समितीच्या मॅडम कडक आहेत. कुणी ओळख काढली, फोन केला, दबाव आणला, तर त्या मुलीचं नाव बाजूला. मी मध्ये पडणार नाही." सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मी!

दोन दिवसांनी दादा माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आला आणि खिळ्यांच्या खोक्यावर बसला.

"सईची चाचणी रविवारी हाय ना? मग शनिवारीच फ्लेक्स लावून टाकू."

"अरे, निवड झाल्यावर लावू की."

"आरं, सोमवारी साहेबांचा वाढदिवस हाय. एक खांब तरी मोकळा राहील का वाघोलीत? पुढं महिनाभर जागा मिळायची नाय. आणि निवड काय, व्हणारच हाय."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "माझा कुठला फोटो टाकतोयस?"

झालं! पुढचे दोन दिवस डिझाईन फोनवर येत राहिलं आणि मी दुरुस्त्या कळवत राहिलो. चार दुरुस्त्या झाल्या, चारही माझ्या फोटोच्या. पांढरा शर्ट ठेवा, पोट कापा, गॉगल नको, बरं राहू द्या गॉगल. मजकूर मी नजरेखालून घातला: 'कु. सई हिची विभागीय रग्बी अकादमीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर कानाला मोबाइल लावलेला दादा, त्याच्या शेजारी मी, खाली शुभेच्छुक म्हणून चुलते, मावसभाऊ, आणि दादाच्या मंडळाचे अकरा कार्यकर्ते. मधोमध छापखान्यानं इंटरनेटवरून एक धिप्पाड खेळाडू शोधून टाकला होता, तोंडाला लोखंडी जाळी बांधलेला. (तो वेगळ्याच खेळाचा होता, हे मला नंतर सईकडून कळलं. कळलं म्हणजे ऐकवलं गेलं.)

शनिवारी संध्याकाळी सईच्या शाळेच्या गेटसमोर, रस्त्यापलीकडच्या दोन खांबांवर फ्लेक्स चढला. चाचणी होती येरवड्याच्या मैदानावर. समितीच्या मॅडमनी वाघोलीकडे फिरकायचं काही कारणच नव्हतं. चाचणीहून परत येताना गाडी शाळेसमोरून घ्यायची आणि सईला चकित करायचं, असा माझा बेत होता.

रविवारी सकाळी सात वाजता पालकांच्या ग्रुपवर कदम सरांचा निरोप आला. येरवड्याच्या मैदानावर रात्री पाइप फुटून चिखल झालाय, चाचणी आपल्याच शाळेत होईल, आठ वाजता हजर राहा.

माझी बायको मनीषा खराडीला एका कंपनीत हिशेबनीस आहे. ती आवाज चढवत नाही. तिला त्याची गरज पडत नाही.

"वाचलंत?" तिनं विचारलं.

"वाचलं."

"फ्लेक्स शाळेच्या गेटसमोर आहे."

"माहीत आहे मला."

"नाही, तुम्ही पोहे खाताय म्हणून म्हटलं."

मी दादाला फोन लावला. तो शिरूरला कुणाच्या तरी साखरपुड्यात होता. "दादा, फ्लेक्स काढायला माणसं पाठव."

"काढायला? आरं, काय झ्याक जागा मिळालीय."

"जागा झ्याक आहे हीच अडचण आहे."

"सगळी पोरं इकडं हायेत माझ्यासंगं. तूच काढ की. नुसत्या दोऱ्या तर हायेत."

मनीषा सईला स्कूटरवरून मागच्या गेटानं घेऊन गेली आणि मी दुकानातली शिडी नि कात्री घेऊन पुढच्या गेटाशी पोचलो. गेली वीस वर्षं मी लोकांना दोऱ्या, हुक आणि तारा विकतोय. पण विकणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. मी आधी खालच्या दोऱ्या कापल्या. त्याबरोबर वारा आत शिरला, फ्लेक्स फुगला, आणि वरच्या दोऱ्या कापल्यावर तो सगळा माझ्या अंगावर आला. दहा बाय पंधराचा फ्लेक्स! आतून मला रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते आणि समोर दादाचा कान दिसत होता. कसाबसा बाहेर आलो, गुंडाळी केली, ती ओढत शाळेत नेली आणि वॉचमनच्या केबिनमागे उभी करून ठेवली. तेवढ्यात मॅडमची गाडी आत आली. मी कपाळावरचा घाम पुसला. वाचलो म्हटलं.

आमच्या शाळेचे वॉचमन शिंदेमामा फार कामसू माणूस. रविवारी सकाळी केबिनमागे नवा कोरा फ्लेक्स आणि मैदानावर कार्यक्रम, एवढं दिसल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता आपलं कर्तव्य केलं. मी कदम सरांना नमस्कार करून मैदानाकडे वळलो, तर गोलपोस्टच्या मागे, कुंपणाच्या जाळीवर, मी गॉगल लावून सगळ्यांकडे बघत होतो.

मामा समोरच उभे होते. "जरा वाकडा लागलाय का हो?"

छत्तीस मुलींनी फ्लेक्स वाचला. त्यांच्या पालकांनी वाचला. मॅडमनी चष्मा लावून, शुभेच्छुकांसकट, सावकाश वाचला. मग त्या कदम सरांना म्हणाल्या, "निवड झालेली दिसते. मग मला कशाला बोलावलंत, सुट्टीच्या दिवशी?"

कदम सरांनी माझ्याकडे पाहिलं. सईनं पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पांढरी पडली. शेजारच्या दोन मुली तिच्यापासून जरा लांब सरकल्या. माझ्या पोरीचं वर्षभर पाच वाजता उठणं मी एका गॉगलपायी घालवलंय, हे मला तेव्हा कळलं.

"आधी खेळू दे सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं नंतर बघू."

सामना सुरू झाला. कदम सर पंच. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप बसला असता. मी ठरवलं, निदान तो फ्लेक्स तरी मॅडमच्या डोळ्यांसमोरून हटवू. वाकत वाकत गोलपोस्टच्या मागे गेलो. शिंदेमामांनी प्रेमानं मारलेल्या गाठी एकेक सोडवल्या. शेवटची गाठ सुटली, वारा आला, आणि फ्लेक्स सरळ मैदानात जाऊन पालथा पडला. मी त्याच्या मागे. मी वाकून एक टोक धरतोय तोच कुणीतरी लाथाडलेला बॉल आला. लांबट बॉलचा टप्पा कुठे जाईल ते देवालाही सांगता येत नाही. तो एकदा डावीकडे उडाला, एकदा उजवीकडे, आणि माझ्या कुशीत येऊन बसला.

मी तो खाली टाकायला हवा होता. पण दुकानदार माणूस! गिऱ्हाईक काही विसरलं तर त्याच्या मागे धावत जाऊन नेऊन देतो मी. मॅडम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. बॉल त्यांच्याकडे सोपवावा, लगे हात माफीही मागावी, अशा सद्भावनेनं मी बॉल छातीशी धरून त्यांच्या दिशेनं धावत सुटलो. कदम सरांच्या तोंडातली शिट्टी पडली. मुली बाजूला होत गेल्या. मला वाटलं, वाट देताहेत, किती संस्कारी मुली!

एक मुलगी बाजूला झाली नाही.

कमरेखाली खांदा, दोन्ही हात मांड्यांभोवती घट्ट, डोकं व्यवस्थित एका बाजूला. हे सगळं मला नंतर सांगण्यात आलं. मला फक्त आधी आकाश दिसलं आणि मग गवत. सई उठली, बॉल उचलला, मागे वळून तिच्या संघातल्या मुलीकडे पास दिला, त्या मुलीनं पळत जाऊन बॉल रेषेपलीकडे टेकवला, आणि मगच सईनं माझ्याकडे बघितलं.

"बाबा, पडल्यावर बॉल सोडायचा असतो," ती म्हणाली. "धरून काय ठेवताय?"

मी लंगडत मॅडमपुढे जाऊन उभा राहिलो. नव्वद किलोच्या माणसाला जेवढं लहान होता येतं तेवढा लहान झालो होतो. "मॅडम, तिला यातलं काही माहीत नव्हतं. फ्लेक्स मी पास केला. शिक्षा मला करा, तिचं नाव काढू नका. तिनं फार मेहनत केलीय हो."

मॅडम पालथ्या फ्लेक्सकडे गेल्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मला धरायला लावलं, आणि आम्ही दोघांनी तो सुलटा केला.

"मोबाइलवाले तुम्ही?"

"नाही, ते आमचे दादा. मी गॉगल."

"आणि मुलगी कुठे आहे?"

मी शोधू लागलो. चुलत्यांच्यात नव्हती. कार्यकर्त्यांच्यात नव्हती. शेवटी सापडली, उजवीकडे खाली, छापखान्याच्या नावाच्या खाली, तिकिटाएवढी. चार वेळा दुरुस्त्या कळवल्या मी, आणि एकदाही तिच्या फोटोवर माझी नजर गेली नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी मॅडमकडे बघूच शकलो नाही.

"यादी बुधवारी लागेल," मॅडम म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या.

बुधवारपर्यंत सई माझ्याशी बोलली नाही. मनीषा बोलली, एकदाच. गुडघ्याला लावायला बर्फ देताना म्हणाली, "तुमच्या फोटोला लावू का थोडा? तोही पडलाय." मी रोज यादी लागली का ते बघत होतो आणि रोज कदम सरांना फोन करायचा मोह आवरत होतो. फोन करणं म्हणजे दबाव, एवढी अक्कल आता आली होती.

बुधवारी दुपारी मी दुकानात स्क्रू मोजत असताना सई शाळेच्या गणवेशातच आली. काउंटरच्या आत शिरली आणि पाठीमागून मला मिठी मारली. मी बेसावध होतो, त्यामुळे स्क्रूसकट काउंटरवर आपटलो. अठरा जणींत तिचं नाव अकरावं होतं. मी गिऱ्हाइकासमोर चक्क रडलो. दादाला मात्र कळवलं नाही. दोन दिवस तरी नाहीच.

संध्याकाळी कदम सरांचा फोन आला.

"मॅडमनी तुमच्याविषयी विचारलंय."

मी घाईघाईनं म्हणालो, "सर, मी परत मैदानावर पाऊल ठेवणार नाही. लेखी देतो."

"नाही, तसं नाही. अकादमीला टॅकलच्या बॅगा मिळालेल्या नाहीत. त्या मोठ्या, उभ्या असतात बघा, मुली धावत येऊन ज्यांना पाडतात. मॅडम म्हणाल्या, ते काका बरे होते. वजन आहे, वेगही बेताचा आहे, आणि पडल्यावर तक्रार करत नाहीत. शनिवारी मोकळे असता का?"

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दुकान मनीषाच्या भावावर सोपवून मी मैदानाच्या मधोमध बॉल छातीशी धरून उभा राहतो, आणि अठरा मुली रांगेनं येऊन मला आडवं करतात. छत्तीस जणींतून त्या अठरा निवडायला समितीला तीन दिवस लागले. माझी निवड मात्र बिनविरोध झाली.