बिनशिक्क्याचा अर्ज

आणीबाणी उठली त्या वर्षी आम्ही दोघी बी.एस्सी. झालो. दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. मी सिंदी रेल्वे या गावची, घरी कापसाची अडत. ती तिथून दोन कोसांवरच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तीन वर्षं ती कधी पायी, कधी बैलबंडीत बसून स्टेशनवर यायची आणि आम्ही पॅसेंजरने वर्ध्याच्या कॉलेजात जायचो. रसायनशास्त्र मी पाठ करायचे, तिला ते कळायचं. निकाल लागला तेव्हा तिला माझ्यापेक्षा एकोणतीस मार्क जास्त होते. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. निदान तेव्हा तरी नाही.

एम.एस्सी.ला नागपूरला जायचं हे आमचं ठरलेलं होतं. मी मामांकडे राहणार होते, ती मुलींच्या होस्टेलात. अर्ज आणले, भरले, आणि नेमकी तिची आई आजारी पडली. पोटात पाणी झालं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं आणि तिच्याजवळ मैत्रीण राहिली, कारण घरात दुसरी बाई नव्हती.

अर्जाला मार्कशीटची खरी प्रत जोडायची होती, तीवर मोठ्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का हवा. ते काम तिच्या वडलांवर आलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. सिंदीतल्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते, बैलांमुळे. तिथे ते दिवसभर बसले आणि संध्याकाळी पाकीट घेऊन आमच्या दुकानाच्या पायरीशी आले. धोतराला चिखल लागलेला. वर या म्हटलं तर आले नाहीत.

"बाई, इतकं काम कर," ते म्हणाले. "पोरगी दवाखान्यात हाये, तिले हालता येत नाई. डॉक्टरसायबानं सही करून देल्ली. तू जाऊनच राह्यली उद्या, तं हेबी देऊन दे."

मी पाकीट घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामा मला विद्यापीठात घेऊन गेले आणि स्वतः बाहेर कडुनिंबाखाली थांबले. खिडकीशी लांब रांग होती. माझ्यापुढच्या दोन मुली बोलत होत्या की यंदा सगळ्यांनाच मार्क बरे पडलेत, जागा मोजक्या आहेत, इतक्या-इतक्या टक्क्यांच्या खाली काही खरं नाही. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या आकड्याच्या अगदी जवळ होता. माझा नंबर येईपर्यंत मी तोच आकडा घोळवत होते.

माझा अर्ज कारकुनाने घेतला. तिचा चाळला आणि परत सरकवला.

"सही आहे, शिक्का कुठाय?"

मी पाहिलं. सहीखालची जागा कोरी होती.

"उद्या पाचपर्यंत खिडकी उघडी आहे," तो म्हणाला. बोलणं चांगलं होतं त्याचं, चिडका नव्हता. "शेवटचा दिवस आहे. शिक्का मारून आणा, घेतो मी."

मामांना मी एवढंच सांगितलं की काम झालं.

गुरांचा दवाखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होता. सकाळी जाऊन शिक्का मारून घ्यायचा आणि गाडी धरायची, दुपारी मी नागपूरला असते. परतीच्या गाडीत हे सगळं मी मनाशी नीट जुळवलं होतं. आणि तिथेच, बुटीबोरी मागे पडल्यावर, मनात आलं की हा अर्ज गेला नाही तर माझ्या वरचं एक नाव कमी होईल. मी ते झटकलं नाही. ते माझ्याबरोबर सिंदीला उतरलं.

सकाळी आईने विचारलं, "तोंड काऊन उतरलं तुह्यं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. वडील लागोपाठ दुसऱ्या दिवशी नागपूरला जाऊ देणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे कित्येक वर्षं तेच सांगत राहिले. पण मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते दुकानात होते, समोरच. मी दिवसभर तांदूळ निवडले आणि संध्याकाळी तिचा अर्ज चुलीत घातला.

त्यानंतर दोन दिवसांनी वर्ध्याला दवाखान्यात गेले. तिची आई खाटेवर डोळे मिटून पडलेली, वडील पायथ्याशी उकिडवे बसलेले, ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"देल्ला का वं?"

"घेतला नाही त्यांनी," मी म्हणाले. "शिक्का नव्हता. शेवटचा दिवस होता."

दोनच वाक्यं खरी होती. तिसरं एका दिवसाने खोटं.

ती वडलांकडे वळली. "शिक्का काऊन नाई मारून आणला, बाबा?"

"सही होती ना व बाई," ते म्हणाले. "शिक्का कपाटात होता. कपाटाची चाबी तिथला बाबू घेऊन गेलता. चपराशी म्हणे सही असली का झालं."

"तो म्हणे! तुम्हाले इतकंबी समजत नाई? तीन वर्सं मी कायले गेली वर्ध्याले?"

बाजूच्या खाटांवरचे लोक पाहू लागले. वडलांनी माझ्याकडे पाहिलं, मी शिकलेली होते म्हणून, मी काही तोड सांगेन म्हणून. मी खाली फरशीकडे पाहिलं.

महिनाभरात तिची आई गेली. प्रवेशाची यादी त्याच्या आधीच लागली होती. माझं नाव होतं, आणि माझ्या नावाखाली आणखी चार नावं होती. मी ती चार नावं पुन्हा पुन्हा मोजली. तिचा अर्ज गेला असता तरी मला जागा मिळालीच असती.

मी एम.एस्सी. केलं, वर्ध्याला कॉलेजात नोकरी लागली. ती पुढच्या वर्षी अर्ज करेल असं वाटलं होतं, पण आईमागे घर तिच्यावर पडलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. देवळीला, दुकानदाराच्या घरी. तिच्या गावचं कोणी सिंदीच्या बाजारात भेटलं की मी वडलांची चौकशी करायचे. लोक हसून सांगायचे की म्हाताऱ्याला शिक्क्याचं वेड लागलंय. कसलाही कागद हातात आला, सातबारा असो की रेशनकार्ड, की ते वाटेतल्या शाळकरी पोरांनासुद्धा थांबवून विचारत, "पाह्य ना रे, शिक्का बराबर उमटला का?" मीही एकदा त्या हसण्यात हसले होते.

दहा-अकरा वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी देवळीला गेले. काम लवकर आटोपलं आणि मी तिच्या घरी गेले. दुकानामागे दोन खोल्या, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. तिने चहा केला. तिची मुलगी आली तेव्हा म्हणाली, "ही माही मैत्रीण, प्रोफेसर हाये." तिच्या बोलण्यात मत्सर नव्हता. मग सांगितलं की मागच्या थंडीत बाबा गेले.

"मी कधी धड बोललीच नाई त्याइच्याशी," ती म्हणाली. "ते यायचे, तिथं ओट्यावर बसायचे. मी चहा द्याची अन् आत निघून जायची. जातानी ते म्हणायचे, बाई, चुकलं माह्यं. दरखेपेले म्हणायचे. अन् मी एकदाबी नाई म्हटलं का जाऊ द्या बाबा."

मी सांगून टाकलं. एक दिवस बाकी होता, खिडकी उघडी होती, कारकुनाने घेतो म्हटलं होतं. चुलीचंही सांगितलं.

ती कप घेऊन मोरीत ठेवून आली आणि दारात उभी राहिली.

"ते जिते असते तं मी गेली असती त्याइच्याकडं," ती म्हणाली. "आता तू कायले सांगितलं मले?"

माझं ओझं उतरावं म्हणून सांगितलं होतं, आणि ते मला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

"मार्क तुले कमी होते हे मले माहीत होतं," ती पुढे म्हणाली. "तरी तुहा नंबर लागला तवा मले खुशी झालती. आईच्या खाटेजवळ बसून मी तिले सांगितलं होतं." मग आतल्या खोलीकडे पाहून हळू म्हणाली, "पोरीसमोर काही बोलू नको. जाय आता."

वर्ध्याची बस लागलेली होती. नंतर मी तिला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी परीक्षेसाठी देवळीचं बोलावणं आलं तेव्हा मी ते काम दुसऱ्या एकाला द्यायला सांगितलं.