ऑपरेटरबाईंची वाक्यं

मी आज भाईंदरला आहे, गावी परत गेलेली नाही, ते ऑपरेटरबाईंमुळे. हे आधीच सांगून टाकते. हकिगत सांगायला बसले की मी भरकटते आणि ज्यांच्यामुळे सगळं झालं त्यांचंच राहून जातं. त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही, त्यांना आवडलं नसतं. टेलिफोन खात्यात उभा जन्म गेला आणि यंत्रं आल्यावर लवकर घरी बसल्या, म्हणून मी त्यांना ऑपरेटरबाई म्हणायची.

त्यांची एक सवय होती. कॉम्प्युटरवरचं काही वाचायचं असलं की डाव्या हाताचा पंजा कानावर ठेवायच्या, पूर्वी जिथे हेडफोन असायचा तिथे. वाक्य मोठ्याने, सावकाश वाचायच्या. मग माझ्याकडे वळून विचारायच्या, "घाबरलीस?"

मी बहुतेक वेळा घाबरलेलीच असायची. माझा स्वभावच तो. आठवीत शाळा सुटली, मंडणगडच्या पुढचं आमचं गाव सुटलं, आणि भाईंदरच्या खारी गावात मावशीच्या एका खोलीत मी येऊन पडले. मावशी वाईट नव्हती, पण तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काम हाय तोवर राहा गो. काम सुटलं तर एसटी आहेच." गावी माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं. तेव्हापासून मी रोज सकाळी उठले की आधी कामाची काळजी करायची आणि मग चहा प्यायची.

काम होतं भाईंदर पूर्वेला एका दुकानात. झेरॉक्स, अर्ज, लग्नपत्रिका. चार कॉम्प्युटर, एक शेठ आणि मी. मराठी टायपिंग मी तिथेच शिकले.

ऑपरेटरबाई तिथे पहिल्यांदा आल्या त्या एक सीडी घेऊन. "यातलं सगळं कागदावर काढून दे," म्हणाल्या. कागद बाहेर यायला लागले तशी मी वाचत गेले. 'यजमान सापडला नाही.' 'तुम्हाला इथे येण्याची परवानगी नाही.' 'ओळख पटली नाही.' 'खरोखर नष्ट करायचे?' 'पालक आधीच मरण पावला आहे.' पानंच्या पानं. आमच्या गावी तिठ्यावर असल्या कागदाला लिंबू गुंडाळून ठेवतात. मी हात मागे घेतला.

बाईंनी ते पाहिलं. "घाबरलीस?"

"हो."

"कुठल्या वाक्याला?"

मी बोट ठेवलं. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "कॉम्प्युटर माणसांशी बोलतो ना, ती वाक्यं आहेत ही. इंग्रजीत असतात. मी मराठीत करतेय."

"पण त्याला एवढं मरण कशाला लागतं?"

त्या इतक्या हसल्या की शेठने आतून डोकावून पाहिलं. मग 'पालक आधीच मरण पावला आहे' यावर काट मारून त्यांनी लिहिलं, 'मूळ काम आधीच थांबले आहे.' "आता?"

"आता नाही वाटत."

"रविवारी दुपारी घरी येत जा. शिकलेल्यांना विचारून उपयोग नाही. ते घाबरले तरी सांगत नाहीत."

अशी मी त्यांच्याकडे जायला लागले. तुम्ही भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीच्या बाजूच्या त्या काळातल्या नव्या इमारती पाहिल्या असतील. सात मजले उभे, रंग ताजा, आणि आत माणूस नाही. लोकांनी फ्लॅट घेऊन कुलपं घालून ठेवलेली. बाईंच्या इमारतीत राहत्या त्या एकट्या, पाचव्या मजल्यावर. बाकी दारांच्या मुठींवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. भर दुपारी जिना चढताना माझ्याच चपलांचा आवाज वरून परत यायचा, आणि दर वेळी वाटायचं, कोणीतरी खाली उतरतंय. पाचव्या मजल्यावर पोचलं की बंद दाराआडून पंख्यासारखी घरघर ऐकू यायची. ती त्यांच्या कॉम्प्युटरची. तेवढ्याने जीव भांड्यात पडायचा.

त्यांचा कॉम्प्युटर आमच्या दुकानातल्यासारखा नव्हता. त्याच्या आतली सगळी यंत्रणा जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात बनवलेली होती. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी, वाटावी. मालक कोणी नाही. मला पटेना.

"मालक नाही तर बिघडल्यावर कोणाला बोलवायचं?"

"लाईनवर आहेत ना सगळे."

"कोण?"

"ते कुठे माहीत आहे? चार वर्षं एकाबरोबर काम करतेय, तो पुरुष आहे का बाई हेसुद्धा माहीत नाही. खाली नुसतं एक अक्षर लिहितो. पण माझी चूक दिसली की दुरुस्त करून जातो. सकाळी उठावं तर वाक्य नीट झालेलं असतं."

माझ्या अंगावर काटा आला. न दिसणारं माणूस येऊन आपलं काम करून जातं ही गोष्ट आमच्याकडे चांगली समजत नाहीत. बाईंना मात्र त्यात नवल नव्हतं. चेहरा न पाहता त्यांनी अर्ध्या मुंबईला एकमेकांशी बोलायला लावलं होतं.

त्यांना नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एकदा मी मोठ्या कंपनीची फुकटची ईमेल घेतली आणि हौसेने त्यांनाच पहिलं पत्र लिहिलं. इंग्रजी अक्षरांत मराठी. मावशीच्या दम्याबद्दल होतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा इंग्रजी शब्द तसाच उतरवला होता. पत्र गेलं आणि पडद्याच्या कडेला दम्याच्या औषधाची जाहिरात आली. मी मागे वळून पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं. मी मावशीच्या खोकल्याचं कोणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. कानावरचा पंजा काढून मांडीवर ठेवला.

"आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. लाईन जोडून दिली की कान काढून घ्यायचा. नवराबायको भांडोत, कोणी मेल्याची बातमी असो. ऐकता येत असतं म्हणूनच ऐकायचं नसतं." मग म्हणाल्या, "हे लोक कान काढत नाहीत."

आणि मग तो सोमवार. शेठने कॉम्प्युटर घेतले होते ते स्टेशनजवळच्या एका माणसाकडून. त्यात मोठ्या कंपनीची यंत्रणा होती, पण नकली, त्या काळात सगळीकडे असायची तशी. मी पहिलं मशीन सुरू केलं. पडद्यावरचा गणपती गेला आणि पडदा काळा झाला. कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना, की तुमची प्रत खोटी आहे. दुसरं मशीन काळं, तिसरं, चौथं. गणपती परत लावला तर तासाभरात पुन्हा काळा. इतक्या लांबून कोणीतरी आमच्या दुकानात हात घालत होतं.

शेठ पांढरे पडले. "एमने खबर पडी गई, बेटा. त्यांना कळलं. ते बघतात आपल्याला." त्यांनी चारही मॉनिटरवर टॉवेल टाकले आणि प्रत्येकाला एकेक लिंबू-मिरची बांधली. दुपारपर्यंत बाजारात बोलवा उठली की कंपनीची माणसं पोलीस घेऊन फिरतायत. शेठ म्हणाले, "दुकान बंद. तू थोडे दिवस गाव जाऊन ये."

थोडे दिवस म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी तशीच इंद्रलोकला गेले आणि बाईंच्या दारात रडायला लागले. त्यांनी एवढंच विचारलं, "मशीनं चालू होतात ना?" आणि कापडी पिशवीत त्या बिनमालकाच्या यंत्रणेच्या सीड्या भरल्या.

दुकानात येऊन त्यांनी टॉवेल उचलले. लिंबू-मिरची राहू दिली. "शेठ, असू द्या. तुमचा देव, माझी सीडी." संध्याकाळपर्यंत चारही मशीनं नवी झाली. पडद्यावर मराठी. शेठ वाकून वाकून वाचायला लागले, "फाईल जतन करा... आ तो आपडी भाषा छे!" त्यांची भाषा गुजराती, पण त्या आनंदात कोण टोकणार.

पण खरं संकट दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या जुन्या फाईली जुन्या फॉन्टमध्ये होत्या. नव्या यंत्रणेत उघडल्या तर पत्रिकेवरच्या कुलदेवतेच्या नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांचा नुसता पालापाचोळा. आणि खारीतल्या एका घरची लग्नपत्रिका त्याच दुपारी छापायला द्यायची होती. शेठ म्हणाले, हे जमलं तर दुकान चालू ठेवतो, नाहीतर शटर.

बाई माझ्याशेजारी बसल्या. कानावर हात, समोर हाताने लिहिलेला जुना मजकूर, आणि ट्रंक कॉलवर पत्ता सांगावा तसा एकेक शब्द तोडून सांगू लागल्या. मी टाईप करत गेले. घाईत निमंत्रकांच्या यादीत 'कै.' उचलून चिकटवत गेले. पहिली प्रत निघाली, नवऱ्यामुलाचे वडील आले, बोट फिरवत वाचलं आणि ओरडले, "आवो, ही तर जिती हाय! आजीला मारलीत!"

मी जिवंत आजीला कैलासवासी केलं होतं. आणि ती आजी बाहेर रिक्षात बसलेली. मी धावत जाऊन तिचे पाय धरले. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, वाचता येत नसताना, आणि म्हणाली, "र्‍हाऊदे गो. चार दिस आधी लिवलंस, आनखी काय?"

'कै.' काढलं. पत्रिका वेळेत गेली. शटर उघडं राहिलं. मी राहिले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. त्यानंतरच्या एका रविवारी बाईंनी कानावर हात ठेवला, पडद्यावरचं वाक्य वाचलं, 'ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा', आणि माझ्याकडे वळल्या. पण प्रश्न आला नाही. त्यांचाच चेहरा उतरला होता.

"हे कोणी लिहिलं गं?"

"तुम्हीच, बाई."

"मी?" त्यांनी मागे, रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "मग हे माझ्याशी का बोलतंय?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण पुढच्या रविवारी तेच. आपणच घडवलेली वाक्यं त्या अनोळख्यासारखी वाचायच्या आणि दचकायच्या. कधी मध्येच हात वर करून मला गप्प करायच्या, "थांब, घंटी वाजतेय." घंटी नसायची. सात मजल्यांत आम्ही दोघीच असायचो.

चांगल्या दिवशी त्यांना आपलं काय होतंय ते कळायचं. अशा एका दिवशी म्हणाल्या, "माझ्यामागे तुमच्या दुकानातलं मशीन बंद पडलं तर कोणाला बोलवशील? शेठ तुला एसटीत बसवेल." आणि त्यांनी मला शिकवायला घेतलं. सीडी कशी घालायची, बिघाड कसा शोधायचा, लाईनवरच्या लोकांना पत्र कसं लिहायचं. एकच गोष्ट तीनदा शिकवायच्या, कारण शिकवल्याचं लक्षात नसायचं. मी तिन्ही वेळा नव्याने शिकले. आठवीत शाळा सुटलेल्या मुलीला असं कोणी शिकवतं का? विसरायच्या आत सगळं माझ्याकडे ठेवायची त्यांची धडपड चालली होती.

मग त्यांचा पुतण्या आला, बडोद्याहून. भला माणूस. सामान बांधलं, कॉम्प्युटर मला देऊन टाकला, पत्ता लिहून दिला. बाई टॅक्सीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही कोणाकडे आलात? इथे कोणीच राहत नाही." टॅक्सी वळली. मी वर गेले, उगाच. पाचव्या मजल्यावर घरघर नव्हती.

दोनेक महिन्यांनी दुकानातलं एक मशीन सुरूच होईना. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी सगळं करून पाहिलं आणि शेवटी लाईनवरच्या लोकांना पत्र लिहिलं, मोडक्या इंग्रजीत, बाईंचं नाव सांगून. चहा येईपर्यंत उत्तर आलं. खाली नुसतं एक अक्षर. सांगितलं तसं केलं, मशीन चालू झालं. उत्तराच्या शेवटी आणखी एक ओळ होती: त्या बाई बरेच दिवस दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना? दुसऱ्या दिवशी तसंच विचारणारी आणखी पत्रं आली, कुठकुठल्या देशांतून, ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. ती सगळी मी कागदावर काढून ठेवली आहेत.

पत्ता माझ्याकडे आहे. मी अजून गेले नाही. रजेचं कारण सांगते, पण खरं तर मला भीती वाटते, की त्या मला ओळखणार नाहीत आणि मी तिथेच रडेन. पण मी जाणार आहे. ही पत्रं मराठीत करून त्यांना वाचून दाखवणार आहे. दुसऱ्या दिवशी त्या विसरल्या तर पुन्हा वाचणार, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाई, तुमचं माझ्याकडे आहे ते असंच फिटलं तर फिटेल. मी येईन.